गावच्या वाचन गटासाठी पुस्तक निवडता? मंग या चुका टाळा

सगळ्यात मोठी चूक म्हणजे "आपली माणसं शेतकरी, तं पुस्तकंही शेतीचीच पाहिजे" हे डोक्यात घेऊन बसणं. सदानंद देशमुखांचं बारोमास जबरदस्तच आहे, २००४ चा साहित्य अकादमी मिळालेलं, ते नक्की घ्या, पण त्याच्या मागे परत नापिकी, परत कर्ज, परत आत्महत्या असंच लावत गेलात तं कोणीतरी म्हणणारच, "हे तं घरीच चालू आहे जी, वाचाचं कायले?" अन् त्याचं चूक नाही. शिवाय ते बुलडाण्याकडचं कोरडवाहू जगणं, भंडारा-गोंदियाच्या धानवाल्याला ते आपोआप आपलं वाटेल असं काही नाही.

उलट कृष्णात खोतांचं रिंगाण घ्या. लेखक कोल्हापूरकडचे, २०२३ चा अकादमी पुरस्कार, धरणापायी उठलेली माणसं आणि जुन्या गावात मागे राहिलेली म्हैस. आता हे पुस्तक भंडाऱ्याच्या पवनीकडे काढलं की गोसेखुर्द निघतेच, १९८८ ला भूमिपूजन झालेलं धरण, अन् ज्यांची घरंदारं त्यात गेली ते लोक चटईवर समोरच बसलेले असतात, मंग चर्चा कशी सुरू करू हा प्रश्नच राहत नाही. भाषा अडते हे खरं, तिकडची बोली आपल्या तोंडात बसत नाही, त्यावर उपाय सोपा आहे, पहिली काही पानं एकाने मोठ्याने वाचा, बाकीच्यांनी ऐका. ग्रामगीता अशीच तर वाचतो आपण. बोली कानावर पडली की पुढची पानं आपली आपण सरकतात.

दुसरं, पुरस्काराचा शिक्का पाहून निवडणं (वर मी दोन्ही पुरस्कारवालीच सांगितली, माहीत आहे). पुस्तक चांगलं असणं वेगळं आणि त्यावर भांडता येणं वेगळं. "छान होतं", "डोळ्यात पाणी आलं" एवढ्यावर मीटिंग पंधरा मिनिटात उरकत असेल तं समजा की सगळ्यांचं एकच मत होणारं पुस्तक निवडलं गेलंय. कविता महाजनांची ‘ब्र’ ही कादंबरी लावून पाहा, त्यात आदिवासी भागातल्या महिला सरपंच आहेत, आणि गटात एखादी माजी सरपंच ताई असली, जिची नुसती सही होती अन् कारभार नवराच पाहत होता, तं त्या दिवशी गप्प बसणाऱ्या बायाही बोलतात. फक्त त्या ताईलाच पहिला प्रश्न विचारू नका बाप्पा, तिला आपणहून येऊ द्या.

वेळेची चूक तं सगळेच करतात. धानाच्या रोवणीच्या चिखलात जाडजूड कादंबरी कोण वाचेल? आणि दिवाळीनंतर मंडई (गावची जत्रा), दंडार (लोकनाट्य), रात्र रात्र झाडीपट्टीची, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भाची नाटकं चालू असताना? तेव्हा कथा घ्या, पूर्ण संग्रह नाही, एकच कथा. जयंत पवारांच्या ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’ या संग्रहातली एखादी कथा झेरॉक्स न काढता बैठकीतच वाचून होते, मुंबईचं जग आहे, आणि पोट्टे तिकडे कामाला गेलेल्या घरांना ते परकं नाही. जाड पुस्तकं उन्हाळ्यासाठी ठेवा.

प्रतींचं गणित आधी करा. गावच्या ड वर्गाच्या (सरकारी वर्गवारीत सगळ्यात लहान) वाचनालयात एका पुस्तकाची एकच प्रत असते, म्हणून पुढचं पुस्तक निदान दोन बैठका आधी ठरवा आणि प्रत कोणाकडून कोणाकडे जाईल ते वहीत लिहा, नाहीतर ती एखाद्याच्या टीव्हीवर पडून राहते.

निवड मास्तरांवर सोडली तं मास्तरांच्या कॉलेजातली पुस्तकं येतात, व्हॉट्सॲपवर मत घेतलं तं दर वेळी श्रीमंत व्हायच्या युक्त्यावालं पुस्तक जिंकते. त्यापेक्षा पाळी लावा, ज्याची पाळी त्याचं पुस्तक, नकार चालणार नाही, पण पन्नास पानांनंतर सोडायची सगळ्यांना मुभा.

आणि अर्ध्यांनी वाचलं नाही म्हणून बैठक पुढे ढकलू नका. नागपूरच्या नंदा खऱ्यांच्या ‘उद्या’ या कादंबरीसारखं पुस्तक असलं तं हमखास असं होते, उद्याचं जग, पाळत, सगळं अंगावर येते. ज्यांनी सोडलं त्यांनी कोणत्या पानावर सोडलं आणि काहून, तिथूनच सुरू करा.