नांदूर मध्यमेश्वरला निसर्ग मंडळाची पक्षीनिरीक्षण फेरी कशी काढावी

निफाड तालुक्यात, गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ, ब्रिटिश काळात बांधलेल्या बंधाऱ्यामागे वर्षानुवर्षे गाळ साचत गेला आणि त्यातून बेटे, उथळ पाणी व पाणकणसाची बने तयार झाली. १९८६ मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झालेली ही पाणथळ जागा २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरली. हिवाळ्यात येथे पक्षी शोधावे लागत नाहीत. पंचवीस-तीस माणसांना ते न उडवता नीट कसे दाखवायचे, हाच काय तो प्रश्न असतो.

दिवस ठरवणे

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा स्थलांतरित पक्ष्यांचा काळ. बंधाऱ्यातील पाण्याची पातळी मात्र सारखी नसते. ती चढली की चिखलाचा काठ बुडतो आणि तुतवार, शेकाट्या यांसारखे काठावर चरणारे पक्षी दुसरीकडे सरकतात. म्हणून आदल्या दिवशी चापडगावच्या स्थानिक मार्गदर्शकाला दूरध्वनी करून पाणी किती आहे आणि पक्षी कोणत्या बाजूला आहेत, हे विचारून घ्यावे. निफाडची थंडी प्रसिद्धच आहे, तेव्हा स्वेटर आणि कानटोपी हवीच. फक्त ती भडक रंगाची नसावी.

गट पाडणे

आठ-दहा जणांचा एक गट करावा आणि प्रत्येक गटाबरोबर एक जाणकार द्यावा. सर्व गट एकाच वाटेने सोडू नयेत. दोघांत एक दुर्बीण पुरते. ८×४२ ही सर्वांत सोयीची, कारण तिच्यात प्रतिमा आठपट मोठी दिसते, ४२ मिलिमीटरच्या भिंगामुळे पहाटेच्या अंधुक उजेडातही चित्र स्वच्छ राहते आणि ती हातात स्थिर धरता येते. दुर्बिणीचे फोकस जुळवणे गाडीतून उतरल्यावर लगेच, एखाद्या विजेच्या खांबाकडे पाहून शिकवावे. समोर पक्षी आल्यावर शिकवू नये.

चालणे आणि थांबणे

सूर्य पाठीशी राहील अशी वाट निवडावी, कारण उन्हाकडे तोंड करून पाहिल्यास प्रत्येक बदक काळेच दिसते. झुडपांच्या आडोशातून बाहेर पडण्याआधी थांबून समोरचे पाणी न्याहाळावे. पोहणारी बदके माना ताठ करून एकाच दिशेने सरकू लागली, तर आपण फार जवळ गेलो आहोत असे समजून दोन पावले मागे यावे. पक्षीनिरीक्षण मनोऱ्यावर पोहोचल्यानंतर अर्धा तास तरी तेथून हलू नये. रोहित (फ्लेमिंगो) दिसले की छायाचित्रे काढणाऱ्यांची काठाकडे धाव सुरू होते; गटप्रमुखाने अशा वेळी संकोच न करता अडवावे. मोबाईलवर पक्ष्यांचे आवाज वाजवण्यास तर सरळ मनाई असावी.

ओळखायला शिकवणे

नवख्या माणसाला नावांची यादी ऐकवण्यात काही अर्थ नसतो. एकच पक्षी पाच मिनिटे दाखवावा. हळदी-कुंकू बदक त्यासाठी उत्तम, कारण त्याच्या काळ्या चोचीचे टोक पिवळे असते आणि चोच कपाळाला मिळते तेथे दोन्ही बाजूंना लाल ठिपका असतो. हे एकदा दुर्बिणीतून दिसले की नाव पुन्हा सांगावे लागत नाही. त्यानंतर कपाळावर पांढरा टिळा असलेला काळा वारकरी आणि पाणकणसाचे देठ पायाच्या बोटांत धरून सोलणारी जांभळी पाणकोंबडी दाखवावी. थापट्या बदकाची फावड्यासारखी चोच आणि तलवार बदकाची टोकदार शेपटी या पुढच्या पायऱ्या.

मोजणे आणि नोंदवणे

थव्यातील दहा पक्षी नीट मोजावेत, तेवढ्या दहांनी किती जागा व्यापली हे नजरेत धरावे आणि त्या मापाने उरलेला थवा मोजत जावे. दलदलीवरून शिकारी पक्षी घिरट्या घालू लागला की सगळा थवा उठतो. अशा वेळी तो पुन्हा बसेपर्यंत थांबून मोजणी नव्याने सुरू करावी. दोन जणांनी स्वतंत्रपणे मोजून आकडे ताडून पाहावेत. वहीत तारीख, वेळ, ठिकाण आणि हवामान आधी लिहावे. न ओळखलेल्या पक्ष्याला ओढूनताणून नाव न देता त्याचा आकार, चोच, पायांचा रंग आणि तो काय करत होता, एवढे लिहून ठेवावे. परतण्यापूर्वी सर्व गटांच्या वह्या एकत्र वाचाव्यात आणि तोच थवा दोन मनोऱ्यांवरून दोनदा मोजला गेला असल्यास वेळा पाहून एक नोंद वगळावी. ही यादी त्याच संध्याकाळी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर चढवावी.