भजनाचा फाटणारा आवाज : गेन आणि मास्टरचा मेळ

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावी सामुदायिक प्रार्थनेनंतर खंजिरी भजन सुरू झाले की भोंग्यांतून आवाज फाटत असे, आणि अ‍ॅम्प्लिफायरचा मास्टर, म्हणजे एकूण आवाजाचे बटण, कमी केल्यावर तो लहान होई, पण फाटणे तसेच राही. या लक्षणावरूनच दोष भोंग्यांना शक्ती पुरवणाऱ्या शेवटच्या टप्प्यातील पॉवर ट्रान्झिस्टरांत नसून मास्टरच्या आधी, माइकच्या इनपुट टप्प्यात असावा, असे मी ठरवले. कारण तेथे एकदा माथा छाटला गेलेली लहर पुढचे कोणतेही बटण पूर्ववत करू शकत नाही. माइकचा गेन, म्हणजे माइककडून येणारा संकेत वाढवणारे बटण, शेवटपर्यंत चढवलेला होता. गायकबुवांना सर्वांत चढ्या सुरात गायला सांगून मी गेन आवाज स्वच्छ होईपर्यंत उतरवला आणि मगच मास्टर वाढवला.

भोंग्यांची जोडणीही तपासली. १६ ओहमचे चार भोंगे समांतर जोडल्यावर भार ४ ओहम होतो, तारा मात्र ८ ओहमच्या टर्मिनलवर होत्या, त्यामुळे जास्त प्रवाह ओढला जाऊन भोंग्यांना शक्ती देणारा आउटपुट टप्पा तापत असे. अ‍ॅम्प्लिफायर बंद करून त्या ४ ओहमवर घेतल्या. काहींचा आग्रह मोठ्या अ‍ॅम्प्लिफायरचा होता; परंतु वॅट दुप्पट केले तरी आवाजाच्या पातळीत वाढ केवळ ३ डेसिबलची, म्हणजे कानाला थोडीशीच, मिळते, म्हणून त्यापेक्षा भोंग्यांची तोंडे श्रोत्यांकडे वळवणे मला अधिक मोलाचे वाटले.