रविवारच्या आसादोची तयारी

अर्जेंटिनात रविवारी दुपारी दोनला आसादोचे, म्हणजे निखाऱ्यांवर भाजलेल्या मांसाचे, जेवण ठरले असेल, तर साडेदहाच्या सुमारास विस्तव पेटलेला असावा, म्हणून यादीत पहिली नोंद लाकडाची करावी. केब्राचो झाडाचे लाकूड मिळाल्यास उत्तम, कारण ते अतिशय कठीण असल्याने त्याचे निखारे दीर्घकाळ टिकतात. शहरात लाकडी कोळशावरही काम भागते. रंग दिलेले किंवा राळ असलेले लाकूड मात्र मुळीच वापरू नये, त्याचा वास मांसाला लागतो. विस्तव जाळीखाली न पेटवता बाजूला पेटवावा आणि पाऊण ते एक तासाने, ज्वाळा विझून निखाऱ्यांवर पांढरी राख धरली की, ते लांब दांड्याच्या फावड्याने थोडे थोडे ओढून जाळीखाली पसरावेत. बाजूचा विस्तव जेवण संपेपर्यंत जागा ठेवावा लागतो, त्यामुळे लाकूड अंदाजापेक्षा जास्तच आणावे.

जाळीला तिथे पारिशा म्हणतात. तिच्या सळ्या पन्हळीसारख्या व किंचित उतरत्या असतील तर वितळलेली चरबी निखाऱ्यांवर न पडता पुढच्या पन्हळीत जमते आणि भडका उडत नाही. जाळी तापल्यावर तारेच्या ब्रशने घासून तिच्यावर अर्धा कापलेला कांदा किंवा चरबीचा तुकडा फिरवावा. निखाऱ्यांची आच पाहण्यासाठी जाळीच्या उंचीवर तळहात धरावा: पाच-सहा सेकंदांत हात मागे घ्यावासा वाटला तर मोठ्या तुकड्यांसाठी आच योग्य आहे, दोन-तीन सेकंदांतच चटका बसला तर निखारे पसरून पातळ करावेत.

मांस खाटकाकडे आदल्या दिवशी सांगून ठेवावे. दर माणशी हाडासकट सुमारे अर्धा किलो हा प्रचलित हिशेब आहे. बरगड्या आडव्या कापून केलेली तिरा दे आसादो आणि पोटाकडचा वासिओ हे मुख्य तुकडे. बरगड्या हाडाची बाजू खाली ठेवून मंद आचेवर भाजाव्यात आणि जवळजवळ पूर्ण शिजल्यावर एकदाच उलटाव्यात. त्यांना दीड ते दोन तास लागतात. एन्त्रान्या हा पातळ तुकडा शेवटी, तीव्र आचेवर काही मिनिटांसाठीच ठेवावा. सुरुवातीला वाढायचे चोरिसो हे सॉसेज, मोरसिशा हे रक्ताचे सॉसेज, तसेच मोशेखास व चिंचुलिनेस, म्हणजे अनुक्रमे वासराची थायमस ग्रंथी आणि लहान आतडे, यांची नोंद वेगळी ठेवावी. मोशेखास बाहेरून कुरकुरीत झाल्याशिवाय उतरवू नये. त्यावर पिळायला लिंबू हवेच. शाकाहारी पाहुण्यांना प्रोव्होलेता हे जाळीवर भाजायचे चीज चालेल, अर्थात ते प्राण्यांच्या जठरातील रेनेटने विरजले आहे का हे आधी विचारून घ्यावे.

मसाल्यांच्या रकान्यात लिहिण्यासारखे फारसे काही नाही. सोळाव्या शतकात स्पॅनिशांनी आणलेली गुरे पांपाच्या गवताळ प्रदेशात मोकाट वाढली, दीर्घकाळ भाव होता तो कातड्याला आणि चरबीला, त्यामुळे गाउचो गुराख्यांना मांस विपुल मिळे आणि ते फक्त मिठासह विस्तवाशेजारी भाजले जाई. आजही जाडे मीठ पुरेसे मानले जाते, आणि मांस चांगले असेल तर मुरवण करण्यात अर्थ नाही असे माझेही मत आहे. अजमोदा (पार्सली), ओरेगॅनो, लसूण, लाल मिरचीचा भरडा, व्हिनेगर आणि तेल यांची चिमिचुर्री मात्र आदल्या रात्री करून ठेवावी, म्हणजे ती मुरते. ती ताटात वरून घेतात. सोबत पाव, लेट्यूस, टोमॅटो व कांद्याचे सॅलड आणि मालबेक वाइन एवढे पुरे. पहिले चोरिसो पावात भरून चोरिपान म्हणून उभ्याउभ्याच खाल्ले जातात, तेव्हा पाव नेहमीपेक्षा अधिक घ्यावा.

शेवटची नोंद माणसांची. आसादोर, म्हणजे भाजणारा, एकच असावा. इतरांनी त्याच्या निखाऱ्यांना हात लावू नये. तो स्वतः बहुधा सर्वांत शेवटी बसतो, म्हणून त्याचा वाटा आणि पेला जाळीशेजारीच पोहोचता करण्याचे काम कोणाकडे तरी सोपवावे. जेवताना पाहुणे त्याच्यासाठी टाळ्या वाजवतात, ही तिथली रीत आहे. ती नवख्यांना आधीच सांगून ठेवावी.