बागेतलं झुडूप खणून बोन्साय करताय? या चुका टाळा

बागेत वर्षानुवर्षं वाढलेलं जाडजूड खोडाचं झुडूप दिसलं की बोन्सायवाल्याचा हात शिवशिवतो, कारण असं खोड छोट्या कुंडीत तयार करायचं म्हटलं तर अर्धं आयुष्य जातं. पण असं झाड खणताना क्वचितच मरतं, मरतं ते नंतर, आपल्या हातून.

माझीच बोगनवेल घ्या. मनगटापेक्षा जाड बुंधा, फांद्या सगळ्या छाटून कुंडीत लावला, तिसऱ्या आठवड्यात सगळीकडून फुटवे! मी खूश, लगेच उन्हात नेऊन ठेवला आणि वर मूठभर खतही घातलं. दहा दिवसांत फुटवे उकडलेल्या पालकासारखे लोंबायला लागले. उपसून बघितलं तर नवीन मूळ एकही नाही, होती ती पण काळी पडलेली. ते फुटवे आले होते खोडात साठलेल्या अन्नावर, मुळांचा काही संबंधच नव्हता. म्हणजे पहिली पालवी आली म्हणून झाड लागलं असं अजिबात समजू नका. फुटवे लांब होऊन देठ कडक झाले, त्यावर परत नवी पानं आली, कुंडीच्या भोकातून पांढरी मुळं डोकावली, की मग हळूहळू ऊन आणि थोडं खत. आणि उलट, महिनाभर काहीच फुटलं नाही तर फेकूनही देऊ नका, नखाने साल जराशी खरवडा, खाली हिरवं ओलसर दिसलं तर जीव आहे अजून.

दुसरी चूक फारशी कुणाच्या लक्षातच येत नाही. झाड कुंडीत हलतं. नवीन मुळांची टोकं इतकी नाजूक असतात की वाऱ्याने खोड जरा डुललं तरी तुटतात, मग झाड परत पहिल्यापासून सुरुवात करतं. कुंडीच्या भोकांमधून तार ओवून मुळांचा गड्डा घट्ट बांधायचा. खोड धरून हलवलं की अख्खी कुंडी हलली पाहिजे, तर बरोबर बांधलंय.

खणायची वेळ पण झाडाप्रमाणे. पानगळीची झाडं हिवाळा संपताना, कळ्या फुगल्यात पण उघडल्या नाहीत तेव्हा. बोगनवेल, फायकस (वड-पिंपळाच्या गटातली झाडं) वगैरे उबदार हवेत, वाढ जोरात असताना. बोगनवेल, फायकस बोडकं केलं तरी फुटतं, पण ज्युनिपर किंवा पाइन या सूचिपर्णी झाडांची सगळी हिरवळ कापलीत तर विषय संपला, कारण जुन्या लाकडातून ती सहसा फुटत नाहीत. त्यांची मुळं धुवून साफ पण करू नका, जुनी माती थोडी राहू द्या.

खणताना आधी बुंध्याभोवतीची माती खुरप्याने बाजूला करून मुळं कुठून पसरलीत ते बघा, मग गोल चर. खालचं सोटमूळ करवतीने कापलं तरी चालतं, पण खोडाजवळची केसासारखी बारीक मुळं जपायची, पाणी तीच ओढतात. खोड धरून उपटायचं नाही हो, हा मोह सगळ्यांना होतो! झाड फार जुनं असेल तर यंदा अर्ध्या बाजूची मुळं तोडा आणि पुढच्या वर्षी उरलेली, तोपर्यंत आतल्या बाजूला नवी मुळं येतात.

माती? बागेतली चिकट माती कुंडीत नको, ती पाणी धरून ठेवते आणि कापलेली मुळं सडतात. प्युमिस (सच्छिद्र, हलका ज्वालामुखी दगड), परलाइट (भाजून फुगवलेले हलके पांढरे दाणे) किंवा विटांचे ३ ते ६ मिमीचे तुकडे, भुकटी चाळून टाकलेली. पान नसलेलं झाड पाणी पितं तरी किती, त्यामुळे रोज बदाबदा ओतू नका, वरचा थर सुकला की द्या, आणि सावलीत ठेवून खोडावर फवारा मारा.

आणि ती सुंदर चपटी बोन्सायची कुंडी सध्या माळ्यावरच राहू द्या. पहिली एक-दोन वर्षं खोल साधी कुंडी किंवा लाकडी खोकं, फांद्यांना तार नाही, आकार देणं नाही, सारखी छाटणी नाही. माझी दुसरी बोगनवेल अशाच एका खोक्यात आहे, दिसायला भयंकर, पण वाढतेय.