परदेशातून गावी येताना: लांब मुदतीचा व्हिसा आणि परतीचे दिवस कसे मोजावेत

दिवाळीला गावी आलेला माणूस लग्नसराई होईस्तोवर थांबतो. तेवढ्यात वाटणीचा फेरफार अडकतो, तलाठ्याकडे चकरा सुरू होतात, आणि महिने निघून जातात. मग मुंबईच्या विमानतळावर काउंटरवरचा कर्मचारी सांगतो की सिस्टिममध्ये तुमचा व्हिसा दिसत नाही. हातातल्या कार्डावर मात्र अजून वर्षभराची तारीख असते. नांदेड, परभणी, बीड, धाराशिवची कितीतरी माणसं आखातात आहेत, लातूरची मुलं डॉक्टरकी शिकायला रशिया-जॉर्जियाला आहेत, इंजिनिअर जर्मनी-अमेरिकेत आहेत. यातल्या अनेकांचा व्हिसा तारीख संपल्यामुळे जात नाही. ते देशाबाहेर किती दिवस राहिले, यावर तो जातो. हा नियम तिकीट काढण्याआधी कळला तर नोकरी वाचते.

आधी हातातला कागद ओळखा

परदेशात राहणाऱ्याच्या हाती साधारण तीन प्रकारच्या परवानग्या असतात: आत शिरण्याची, तिथे राहण्याची आणि बाहेर जाऊन परत येण्याची. काही देशांत या तिन्ही एकाच कार्डात असतात, काहींत तिन्ही वेगळ्या. पासपोर्टवरचा व्हिसा बहुतेक वेळा फक्त शिरण्यापुरता असतो.

वहीचं एक पान घ्या आणि त्यावर पाच गोष्टी लिहा: पासपोर्ट संपण्याची तारीख, व्हिसा संपण्याची तारीख, राहण्याचा परवाना (सौदीचा इकामा, अमिरातीचा एमिरेट्स आयडी, जर्मनीचं रेसिडेन्स परमिट, अमेरिकेची आय-९४ ही मुक्कामाची नोंद, जे असेल ते) संपण्याची तारीख, व्हिसावर एकदाच प्रवेश आहे की अनेकदा, आणि बाहेर राहण्याची कमाल मुदत. पहिल्या चार गोष्टी कागदावर सापडतात. पाचवी बहुतेक देशांच्या कागदांवर छापलेली नसते, आणि माणसं अडकतात ती तिथेच.

संयुक्त अरब अमिराती: १८० दिवस

दुबई, शारजा, अबूधाबी, सगळीकडे नियम एकच. सलग १८० दिवसांपेक्षा जास्त बाहेर राहिलात की रेसिडेन्स व्हिसा आपोआप रद्द धरला जातो. गोल्डन व्हिसा या लांब मुदतीच्या खास व्हिसावाल्यांना ही अट नाही.

मोजणी महिन्यांत करू नका, दिवसांतच करा. समजा १५ ऑक्टोबर २०२५ ला दुबई सोडली. बोटांवर सहा महिने मोजले तर १५ एप्रिल येते. दिवस मोजले तर १८० वा दिवस १३ एप्रिल २०२६ ला येतो. 'अक्षय्य तृतीया करून निघू' म्हणून १९ एप्रिलपर्यंत थांबलेला माणूस मुदतीबाहेर गेला. शेवटच्या दिवसाचं तिकीट तर काढूच नये. विमान रद्द झालं, रेल्वे लेट झाली, घरात कुणाला दवाखान्यात न्यावं लागलं, तर कारण कितीही खरं असलं तरी सिस्टिम दिवसच मोजते. निदान १५ दिवस हातचे ठेवा.

मुदत उलटूनही गेली, तर रस्ता पूर्ण बंद होत नाही. २०२३ पासून बाहेर बसून ऑनलाइन री-एंट्री परमिट मागता येतं. दुबईचा व्हिसा असेल तर दुबईच्या रेसिडेन्सी खात्याकडे, बाकी अमिरातींचा असेल तर आयसीपी या केंद्रीय खात्याकडे अर्ज करायचा. उशिराचं कारण आणि त्याचा पुरावा जोडावा लागतो. आजारपण असेल तर दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड आणि बिलं जपून ठेवा. नुसत्या चिठ्ठीवर भागत नाही. १८० दिवसांनंतरच्या दर ३० दिवसांना किंवा त्यातल्या भागाला १०० दिरहम दंड लागतो. व्हिसाची मूळ मुदत मात्र शिल्लक असायला हवी. मंजुरी हातात येईपर्यंत तिकीट काढू नका.

ओमान, कतार आणि कुवेतमध्येही साधारण सहा महिन्यांचीच मर्यादा चालते. अपवादांची परवानगी कंपनीमार्फत मागावी लागते, म्हणून मुदत संपायच्या महिनाभर आधीच कंपनीच्या पीआरओला, म्हणजे व्हिसाची सरकारी कामं बघणाऱ्या माणसाला, कळवा.

सौदी: खुरूज-अवदा नीट वाचा

सौदीत सहा महिन्यांचा हिशोब कामाचा नाही. तिथे इकामा असला तरी बाहेर पडायला एक्झिट री-एंट्री लागते, ज्याला सगळे खुरूज-अवदा म्हणतात. एका फेरीची दोन महिन्यांपर्यंतची फी २०० रियाल आणि पुढच्या प्रत्येक महिन्याला १०० रियाल. अनेक फेऱ्यांची तीन महिन्यांसाठी ५०० रियाल आणि पुढे दरमहा २००. २०२१ च्या सुधारणांनंतर कंपनीचे बहुतेक कामगार ती अबशेर या सौदी सरकारच्या ॲपवरून स्वतः मागू शकतात. घरकाम करणारे आणि घरगुती ड्रायव्हर यांना मात्र अजूनही कफिलावरच, म्हणजे व्हिसा देणाऱ्या मालकावरच, अवलंबून राहावं लागतं.

कागद हातात आला की तिथेच तीन गोष्टी तपासा. पहिली, तो खुरूज-अवदा आहे की खुरूज-निहाई. निहाई म्हणजे कायमचं जाणं. त्यावर परत येता येत नाही, नवा व्हिसा काढावा लागतो. अरबी वाचता येत नाही म्हणून घाईत सही करून निघालेल्यांचं इथे फार मोठं नुकसान होतं. वाचता येणाऱ्या सोबत्याला दाखवल्याशिवाय सामान बांधू नका. दुसरी, मुदत दिवसांत लिहिली आहे की 'अमुक तारखेआधी परत' अशी. दिवस असतील तर ते सौदी सोडल्यापासून मोजतात. तारीख असेल तर तुम्ही निघायला केलेला उशीर तुमच्याच सुट्टीतून कापला जातो. तिसरी, तारीख हिजरी (इस्लामी कॅलेंडरची) आहे की इंग्रजी. हिजरी वर्ष सुमारे ११ दिवसांनी लहान असतं, त्यामुळे 'वर्षभर आहे' या अंदाजावर राहिलं तर इकामा आधीच संपतो. अबशेरमध्ये दोन्ही तारखा दिसतात, त्या पाहून घ्या.

पासपोर्टची निदान ९० दिवसांची मुदत नसेल तर खुरूज-अवदा निघतच नाही. सुट्टी वाढवायची असेल तर गावात असतानाही मुदतवाढ ऑनलाइन होते, पण इकामा चालू असेपर्यंतच. म्हणून कफिलाला किंवा कंपनीला शेवटच्या आठवड्यात फोन करण्यात अर्थ नाही, तीन आठवडे तरी आधी करा.

जर्मनी आणि शेंगेन

२०२४ च्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग आणि महाराष्ट्र करारानंतर मराठवाड्यातल्या नर्सिंग, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हिंगवाल्या मुलामुलींतही जर्मनीची चौकशी वाढली आहे. मुंबईत मिळणारा टाइप डी (लांब मुक्कामाचा) व्हिसा फक्त सुरुवातीचा असतो. तिथे पोचल्यावर दोन आठवड्यांत पत्ता नोंदवायचा आणि व्हिसा संपायच्या आत परदेशी नागरिकांच्या कार्यालयात रेसिडेन्स परमिट मागायचं. अपॉइंटमेंट मिळायला महिने लागतात, म्हणून पोचल्याच्या आठवड्यातच मागा.

परमिट मिळाल्यावर सलग सहा महिने जर्मनीबाहेर राहिलात तर ते रद्द होतं. ब्लू कार्डवाल्यांना (उच्चशिक्षित नोकरदारांचा परवाना) बारा महिने मिळतात. याशिवाय एक बारकावा आहे: 'तात्पुरतं जातोय' असं वाटण्याजोगं कारण नसेल, म्हणजे घर सोडलं, नोकरी सोडली, सामान पाठवलं, तर सहा महिन्यांआधीही परमिट गेलं असं धरता येतं. आईवडिलांच्या आजारपणासाठी जास्त थांबायची वेळ येणार असेल, तर निघण्याआधी त्याच कार्यालयाकडून लेखी मुदतवाढ घ्या.

सगळ्यात जास्त गोंधळ फिक्शनबेशायनिगुंगचा. परमिटचं नूतनीकरण अडकलं की मधल्या काळासाठी हा हिरवट घडीचा कागद देतात. त्याच्या तिसऱ्या पानावर चौकटी असतात. जर्मनीच्या निवास कायद्यातल्या कलम ८१ च्या चौथ्या परिच्छेदाची चौकट भरलेली असेल, तर जुनं परमिट चालू धरलं जातं आणि भारतात येऊन परत जाता येतं. तिसऱ्या परिच्छेदाची भरली असेल, तर राहता येतं पण बाहेर पडलात की त्या कागदावर परत शिरता येत नाही. तिकीट काढण्याआधी त्या पानाचा फोटो मोठा करून बघा.

मुलांकडे जाणाऱ्या आईवडिलांचा हिशोब वेगळा. शेंगेन म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणारा युरोपीय देशांचा गट. त्याच्या व्हिजिट व्हिसावर कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं. पोचल्याचा आणि निघाल्याचा, दोन्ही दिवस मोजतात. १ मे ला पोचले तर २९ जुलै हा ९० वा दिवस. त्याच दिवशी निघायलाच हवं. पुढचा प्रवेश २८ ऑक्टोबरपासून. व्हिसा वर्षभराचा अनेक प्रवेशांचा असला तरी हेच गणित लागू होतं. आता सीमेवर शिक्क्याऐवजी बोटांचे ठसे आणि फोटो घेऊन कॉम्प्युटरच दिवस मोजतो, त्यामुळे एका दिवसाची चूकही लपत नाही.

रशियात शिकणारी मुलं

पहिला विद्यार्थी व्हिसा बहुतेक वेळा एकाच प्रवेशाचा आणि ९० दिवसांपर्यंतचा असतो. तिथे गेल्यावर विद्यापीठ तो अनेक प्रवेशांच्या व्हिसात बदलून देतं. बदल होण्याआधी मूल घरी आलं तर परत जायला पुन्हा निमंत्रणपत्र आणि नवा व्हिसा. पहिल्या सत्रात घरची आठवण येतेच, पण नवा व्हिसा पासपोर्टवर चिकटल्याशिवाय लेकराला बोलावून घेऊ नका.

अमेरिका

अमेरिकेचा व्हिसा फक्त दारापर्यंत नेतो. किती दिवस राहायचं ते आय-९४ ठरवतं. प्रत्येक प्रवेशानंतर ते सरकारी वेबसाइटवरून उतरवून घ्या आणि तारीख वाचा. एच-१बी या नोकरीच्या व्हिसाची मंजुरी २०२८ पर्यंत आहे पण पासपोर्ट मार्च २०२७ ला संपतोय, तर अधिकारी बहुधा मार्च २०२७ पर्यंतचंच आय-९४ देतो. घरात कुणाचं लक्ष जात नाही आणि मुक्काम बेकायदा होऊन बसतो. मुक्काम १८० दिवसांपेक्षा जास्त उलटला आणि मग बाहेर पडलात तर तीन वर्षं, वर्षभर किंवा जास्त उलटला तर दहा वर्षं प्रवेशबंदी लागते. उपाय सोपा आहे: पासपोर्टला वर्षभराहून कमी मुदत उरली की प्रवासाआधी नवा काढा.

मुलांनी ग्रीन कार्ड (कायम राहण्याचा परवाना) काढून दिलेले आईवडील अर्धं वर्ष शेतीसाठी इकडे राहतात. सहा महिन्यांच्या आत परतलात तर सहसा फारसं कुणी विचारत नाही. सहा महिने ते वर्ष या काळात प्रश्न विचारतात, आणि वर्ष उलटलं तर नुसत्या कार्डावर प्रवेश मिळत नाही. जास्त राहायचंच असेल तर फॉर्म आय-१३१ भरून री-एंट्री परमिट मागा. अर्ज करताना तुम्ही अमेरिकेत असायला हवं. गावात बसून तो करता येत नाही. ठसे देऊन झाले की निघता येतं. मुदत साधारण दोन वर्षं. आणि हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना नक्की सांगा: विमानतळावर कुणी आय-४०७ या फॉर्मवर सही मागितली तर समजल्याशिवाय करू नका. तो ग्रीन कार्ड स्वखुशीने सोडल्याचा फॉर्म आहे. सही न करता इमिग्रेशन न्यायाधीशापुढे बाजू मांडायचा हक्क त्यांना असतो.

कॅनडात पर्मनंट रेसिडेंटला पाच वर्षांत ७३० दिवस तिथे राहावं लागतं, आणि तिथला स्टडी परमिट म्हणजे प्रवेशाचा व्हिसा नव्हे, तो वेगळा तपासा. ऑस्ट्रेलियाच्या पर्मनंट व्हिसावर प्रवासाची सोय पाच वर्षांची असते, पुढे रेसिडेंट रिटर्न व्हिसा घ्यावा लागतो. ब्रिटनमध्ये आता प्लास्टिक कार्डाऐवजी ई-व्हिसा आहे. नवा पासपोर्ट काढलात तर त्याचा नंबर ऑनलाइन खात्यात आधी जोडा.

सुट्टीत पासपोर्ट बदलत असाल तर

जुना पासपोर्ट जवळच ठेवा. त्यावरचा अमेरिकेचा चालू व्हिसा नव्या पासपोर्टसोबत दाखवून चालतो, दोन्ही सोबत न्या. सौदीत नव्या पासपोर्टची माहिती इकाम्यावर चढवावी लागते, तिला नकल-मालूमात म्हणतात. पासपोर्टवर ईसीआर (ठरावीक देशांत नोकरीला जाण्याआधी सरकारी परवानगी लागते, असा शेरा) असेल आणि दहावी पास असाल, किंवा तीन वर्षांहून जास्त परदेशात राहिलेले असाल, तर नूतनीकरणातच ते काढून घ्या. नाव, जन्मतारीख एका अक्षराने जरी बदलली तर व्हिसाशी जुळणार नाही, म्हणून चालू व्हिसा असताना दुरुस्तीची घाई करू नका.

जमिनीच्या कामासाठी स्वतः अडकून बसण्यापेक्षा परदेशातल्या भारतीय दूतावासात कुलमुखत्यारपत्र करून भावाला किंवा बहिणीला पाठवा. ते भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरून घ्यावं लागतं.

निघायच्या आठवड्यात

देवगिरी किंवा तपोवनने मुंबई गाठायची असो की नांदेड-लातूरकडून हैदराबाद, विमानाच्या आदल्या दिवशीच पोचा. त्याआधी संबंधित देशाच्या अधिकृत वेबसाइटवर स्वतःचा व्हिसा 'चालू' दिसतो का ते पाहून त्याची छापील प्रत घ्या. विमान कंपनीचा माणूस कार्ड बघून समाधानी नसेल तर हीच प्रत पुढे करता येते. मागच्या वेळी देश सोडल्याचा शिक्का किंवा बोर्डिंग पास, कंपनीचं सुट्टीचं पत्र, उशिराची परवानगी असेल तर तिची प्रत, हे सगळं हातातल्या बॅगेत ठेवा.

आणि दिवस उलटलेच असतील, तर 'बॅकडेटचा शिक्का मारून देतो' म्हणणाऱ्या एजंटाला एक रुपयाही देऊ नका. प्रवेश-निर्गमनाची नोंद दोन्ही देशांच्या कॉम्प्युटरमध्ये असते. खोटा शिक्का सापडला तर दंड भरून सुटणारं प्रकरण फौजदारी होतं आणि पुढचे सगळे व्हिसे त्यात जातात. खऱ्या तारखा लिहा, कारणाचे पुरावे जोडा आणि परमिटचा अर्ज करा.