वेचणी, केळी कापणी आणि खताच्या गोण्या: या हंगामात कंबर कशी सांभाळाल

दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत खान्देशात ओझ्याची सगळी कामं एकदमच अंगावर येतात. कपाशीची वेचणी सुरू असते, चोपडा-यावल भागात गेल्या वर्षीची कांदेबाग केळी कापणीला येते आणि दादर (रब्बी ज्वारी) आणि हरभऱ्याच्या पेरणीचं खत घरात येऊन पडतं. ऐन या दिवसांत पाठीत उसण भरली की मजुराची मजुरी बुडते आणि शेतकऱ्याची पेरणी लांबते.

"कमरेत वाकू नका, गुडघ्यात वाका" हे आपण सगळ्यांनी ऐकलं आहे. ते खरंच आहे. पण एवढ्यावर कंबर वाचत नाही, कारण कसंही वाकलं तरी गोणीचं वजन तेवढंच राहतं. अमेरिकेतील 'निओश' या व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या १९९१ च्या सूत्रात एका माणसाने उचलायच्या वजनाची कमाल मर्यादा २३ किलो धरली आहे. तीही ओझं अंगालगत, कमरेच्या आसपासच्या उंचीवर आणि पकड चांगली असेल तेव्हाच. आपल्याकडे युरियाची गोणी ४५ किलोची आणि डीएपीची ५० किलोची असते, म्हणजे जवळजवळ दुप्पट. म्हणून आधी ओझं लहान करा आणि ते जमिनीवरून वर आणा. उचलायची पद्धत त्यानंतर येते.

कापसाचं गाठोडं सगळ्यात जास्त त्रास देतं. वेचणीची मजुरी किलोवर, आणि तोल संध्याकाळी एकदाच. त्यामुळे बाया दिवसभराचा कापूस एकाच चादरीत बांधतात आणि ढेकळांतून, पऱ्हाट्यांतून वाट काढत डोक्यावर बांधापर्यंत आणतात. इथे मालकाने एक बदल करावा: तोल दिवसातून दोनदा घ्यावा, एकदा जेवणाच्या सुट्टीत आणि एकदा संध्याकाळी. काटा घरी ठेवून चालणार नाही, तो शेतात न्यावा लागेल. पण गाठोडं निम्मं होईल आणि मजुरी एका पैशानेही कमी होणार नाही. गाठोडं डोक्यावर चढवताना दोघींनी दोन बाजूंनी धरून एकदम उचलावं. गरोदर आणि नुकत्याच बाळंत झालेल्या बाईला ते उचलायला लावूच नये, तिने वेचलेला कापूस दुसऱ्याने बांधावर आणावा.

केळीचा घड २०-२५ किलोचा असतो आणि तो खांद्यावर घेऊन चालताना पायाखालचं दिसत नाही. कापणीच्या आधी पाणी वेळेत बंद करा, म्हणजे सरीत चिखल राहणार नाही. जायच्या वाटेवरच्या ठिबकच्या नळ्या बाजूला घ्या. घड कापणारा एक आणि तो खांद्यावर झेलणारा दुसरा, असंच काम करा. एकट्याने कापून एकट्यानेच झेलायला जाऊ नका.

खताच्या गोण्या जमिनीवर रचू नका. मांडीच्या उंचीची फळी किंवा ओटा करा, ओलही लागणार नाही. ट्रॉलीतून गोणी उतरवताना ती आधी ट्रॉलीच्या काठापर्यंत ओढून घ्या आणि दोघांनी धरा. वळायचं असेल तेव्हा पाय फिरवा, कंबर पिळू नका. ओझं धरून पिळलेली कंबर सगळ्यात लवकर दुखावते. शेतात न्यायला गोणी फोडून खत दोन बादल्यांत घ्या आणि दोन्ही हातांत सारखं वजन ठेवा. फवारणीचा पंपही बांधावर किंवा ओट्यावर ठेवून भरा आणि तिथूनच पाठीवर घ्या. सोळा लिटरचा पंप भरला की नुसतं पाणीच सोळा किलो होतं.

दिवसात दोन वेळी विशेष जपा. झोपेत मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगतात, त्यामुळे उठल्यानंतरच्या पहिल्या तासाभरात खूप वाकलं तर त्यांच्यावर ताण जास्त येतो. दव उडाल्यावर वेचणी करा, असं कापसाच्या प्रतीसाठी सांगतात. तो सल्ला कंबरेच्याही उपयोगाचा आहे. दुसरी वेळ ट्रॅक्टरवरून उतरल्यावरची. तासभर हादरे बसल्यावर लगेच गोण्यांना हात घालू नका, आधी पाच-दहा मिनिटं चाला.

उसण भरलीच तर दिवसचे दिवस पडून राहू नका. एखादा दिवस आराम करून सोसवेल तेवढं चालत राहिलं, तर बहुतेकांना काही आठवड्यांत बरं वाटतं. कंबरपट्टा बांधला म्हणून जास्त वजन उचलायला जाऊ नका, पट्ट्याने दुखापत टळते असं दिसून आलेलं नाही. मणका 'बसवून' देणाऱ्याकडून पाठीला झटके देऊन घेऊ नका.

पायात मुंग्या येऊन पाऊल उचलत नसेल, पडल्यानंतर दुखू लागलं असेल किंवा दुखण्यासोबत ताप असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. लघवी अडकली, लघवी-संडासवरचा ताबा गेला किंवा मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, तर सकाळ होण्याची वाट पाहू नका. रात्र असली तरी १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा आणि जळगाव, धुळे किंवा नंदुरबारच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जा. अशा वेळी मज्जातंतूंवरचा दाब तातडीच्या शस्त्रक्रियेने काढावा लागू शकतो, आणि उशीर झाला तर गेलेली ताकद परत येईलच असं नाही.