‘देशी कापूस’ असं लिहून देताय? या चुका टाळा

कोकणात कापूस होत नाही. पिशव्या, एप्रन शिवणारे आपले बचत गट कापड आणतात ते इचलकरंजीहून नाहीतर भिवंडीहून, आणि तो कापूस कुठल्या शेतातला हे विचारायचं कुणाला सुचत नाही.

सूत भारतात कातलं, कापड भारतात विणलं, म्हणजे कापूस भारतातलाच, ही समजूत आधी सोडा. २०२१ पासून आयात कापसावर ११ टक्के शुल्क होतं. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने ते माफ केलं, मग माफी त्याच वर्षीच्या डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. तेव्हा विदर्भातल्या कापसाच्या गाठींशेजारी परदेशी गाठ ठेवायला गिरणीला कसली अडचण होती?

खेडकडच्या एका गटाला पिशव्यांची ऑर्डर मिळाली. अट एकच, कापड भारतीय कापसाचं हवं आणि तसं लेखी हवं. व्यापारी फोनवर म्हणाला, “शंभर टक्के देशी, ताई, डोळे झाकून घ्या.” त्यांनी खरंच डोळे झाकले! बिलावर नुसतं ‘मांजरपाट’. पिशव्या शिवून झाल्या, गिऱ्हाइकाने गिरणीचा कागद मागितला आणि व्यापारी फोन उचलेना. माल परत आला तो ऐन जुलैत. पत्र्याच्या शेडमध्ये कापडावर बुरशीचे काळे ठिपके धरले. चतुर्थीच्या बाजारात पडेल भावाने काढल्या. पुन्हा विचारलं तर म्हणतात, “घाई होती ना.” घाई सगळ्यांनाच असते.

मी आगाऊ पैसे देण्याआधी बिलावर सुताचा काउंट (जाडी-बारकी सांगणारा आकडा), गिरणीचं नाव आणि कापसाचा देश लिहून घेते. लिहून देत नसेल तर कापड फुकट दिलं तरी नको. ‘कस्तुरी कॉटन भारत’ या भारतीय कापसाच्या ब्रँडचा क्यूआर कोड असेल तर माग गाठीपर्यंत लागतो. दोरा जाळून बघणारे हुशार पुष्कळ आहेत. त्यातून पॉलिस्टर पकडता येतं, देश नाही.

दुसरं, नियम न वाचता उत्साहात जास्तीचं लिहून देणं. केंद्राच्या खरेदीला लागू असलेला २०१७ चा ‘मेक इन इंडिया’ आदेश स्थानिक मूल्य, म्हणजे मालाच्या किमतीतला भारतातला वाटा, विचारतो. ५० टक्के किंवा जास्त असेल तर तुम्ही पहिल्या वर्गातले पुरवठादार. कापूस कुठे पिकला हे तो वेगळं विचारत नाही, आणि ५ लाखांखालच्या खरेदीला तो आदेशच लागू नाही. खोटं लिहून दिलंत तर मात्र दोन वर्षांपर्यंत खरेदीतून बाहेर. विचारलंय तेवढंच लिहा.

खादी मार्क नसताना ‘खादी’ म्हणून विकू नका. २०१३ पासून तसा नियम आहे.

आणि अमेरिकेने म्हणे ‘कापूस कायदा’ केला, असं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं! २०२५ मध्ये तिथे मांडलं गेलं ते करसवलतीचं विधेयक, तेही अमेरिकेत पिकलेल्या कापसासाठी. कापूस अमेरिकेतच पिकलेला हवा असं म्हणणारा कायदा त्यांच्याकडे कित्येक दशकांपासून आहे, पण तो लष्कराच्या खरेदीपुरता. त्यावरून इथे कापडाचे भाव सांगणाऱ्या व्यापाऱ्याकडे मी दुसऱ्यांदा जात नाही.